भिंतीलगतच्या अरुंद, उन्हाच्या वाफ्यात स्वयंपाकाच्या कोणत्या वनस्पती लावाव्यात?

खाडीवारा (नेरुळ) :

नमस्कार. नेरुळमधील आमचे घर रो-हाउसच्या रांगेतले शेवटचे असल्यामुळे त्याला दक्षिणेकडून दहा फुटांची मोकळी जागा लाभली आहे. मागच्या डिसेंबरात बाहेरच्या प्लास्टरचे काम निघाले, तेव्हा त्याच गवंड्याकडून घराच्या दक्षिणेच्या भिंतीला लागून विटांचा एक लांबट वाफा बांधून घेतला. आतून तो बारा फूट लांब, सात इंच रुंद आणि नऊ इंच खोल आहे. त्याची कड जमिनीपासून दोन फुटांवर येते, कारण वयोमानाने माझे गुडघे आता फार वाकत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत त्या जागी सकाळपासून संध्याकाळपर्यंत स्वच्छ ऊन असे, आणि तेच पाहून ही जागा निवडली होती.

फेब्रुवारीत बेसिल, रोझमेरी, थाइम आणि पुदिना यांची रोपे आणून एका ओळीत लावली आणि मधल्या जागेत कोथिंबीर पेरली. मार्च संपेपर्यंत कोथिंबीर फुलावर आली, एप्रिलमध्ये पुदिन्याची पाने कडेने करपली, आणि मे महिन्यातून जे वाचले ते जुलैपर्यंत कुजून गेले. आता गणपती झाले आहेत आणि वाफा रिकामा आहे. जागा अरुंद आहे पण ऊन भरपूर आहे, असे गृहीत धरून कोणत्या वनस्पती निवडाव्यात, याचे मार्गदर्शन जाणकारांनी करावे ही विनंती.

घोडबंदरकर (ठाणे) :

बारा फूट म्हणजे चांगलीच जागा आहे. माझ्या गॅलरीत याच्या निम्म्या जागेत पुदिना, बेसिल, ओरेगॅनो, गवती चहा, कढीपत्ता आणि तुळस असे सगळे एकत्र आहे. ऊन असेल तर काहीही येते. रोपे बहुधा रोपवाटिकेतूनच कमकुवत आली असावीत, दुसरीकडून आणून पाहा.

जुनी_परसबाग (नौपाडा, ठाणे) :

रोपांना दोष देण्यापूर्वी भिंतीच्या दिशेकडे पाहावे, असे मला वाटते. ताईंनी वाफा उन्हाचा आहे असे लिहिले आहे, पण त्यांनी ते ऊन डिसेंबरात पाहिले आहे. आपल्याकडे दक्षिणेच्या भिंतीचे ऊन वर्षभर सारखे नसते, आणि माझ्या मते त्यांच्या वाफ्याचे सगळे दुखणे याच एका गोष्टीत आहे.

मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई हा पट्टा साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. शून्य सावलीच्या दिवसाच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. आपल्या भागात तो १५-१६ मेच्या सुमारास येतो आणि दुपारी साडेबाराच्या थोडे पुढे सूर्य थेट डोक्यावर असतो. त्यानंतर सूर्य आपल्या उत्तरेला सरकतो आणि २७-२८ जुलैच्या सुमारास परतताना पुन्हा एकदा डोक्यावर येतो. या मधल्या अडीच महिन्यांत तो उगवतो ईशान्येच्या बाजूला, मावळतो वायव्येच्या बाजूला, आणि माध्यान्हीलाही किंचित उत्तरेकडेच असतो. त्यामुळे दुमजली घराच्या दक्षिणेच्या भिंतीवर आणि तिच्या पायथ्याशी त्या काळात थेट ऊन पडतच नाही. त्यातच जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून पाऊस. म्हणजे ज्या वाफ्याला आपण उन्हाचा म्हणतो, तो पावसाळ्याचा पूर्वार्ध सावलीत आणि ओलीत काढतो. रोझमेरी आणि थाइम ही भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या, खडकाळ उतारांवरची झाडे आहेत, त्यांनी त्यात जीव सोडला यात नवल नाही.

आता एप्रिलचे पाहा. एप्रिलच्या अखेरीस या भिंतीला सकाळचे कोवळे ऊन मिळत नाही, कारण तेव्हाही सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेकडून वर येतो. वाफ्यावर ऊन पोहोचते ते साधारण पावणेदहा ते साडेतीन या वेळात, आणि तेही जवळजवळ डोक्यावरचे. शिवाय वाफ्यामागे दिवसभर तापलेली भिंत असते आणि ती रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. पुदिन्याला नेमके याच्या उलट हवे असते, म्हणजे सकाळचे ऊन आणि दुपारची सावली.

डिसेंबरात मात्र सूर्य माध्यान्हीलाही क्षितिजापासून ४७-४८ अंशांच्या वर जात नाही. तो दिवसभर दक्षिणेकडून तिरपा येतो आणि तुमच्या वाफ्याला पूर्ण, सौम्य ऊन देतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात अशा जागेइतकी उत्तम जागा पालेभाजीला आणि सुवासिक पानांना मिळणार नाही. म्हणून माझी सूचना अशी की, वर्षभराची एक निवड करूच नये.

खाडीवारा :

काका, हे वाचून मी लगेच जुने फोटो काढून पाहिले. जूनच्या एका फोटोत वाफा खरोखरच पूर्ण सावलीत आहे, आणि तो ढगाळ दिवस असावा असे मी तेव्हा समजले होते. शून्य सावलीच्या दिवशी नातवासोबत बाटलीची सावली पाहत अंगणात उभी होते, पण त्याचा संबंध दहा पावलांवरच्या वाफ्याशी असेल हे मनात आले नाही.

मंजिरी_तोडू_नका (कोपरखैरणे) :

जुनी_परसबाग यांनी ऋतूंचा मुद्दा मांडला आहे, मी निवडीविषयी लिहिते. रोपवाटिकांमध्ये हल्ली परदेशी नावाच्या रोपांची चलती आहे आणि त्याच कुळातील आपल्या ओळखीची झाडे कोपऱ्यात पडून असतात. बेसिल आणि आपला सब्जा ही एकाच प्रजातीची भावंडे आहेत. सब्ज्याच्या पानांना लवंगेकडे झुकणारा थोडा तिखट वास असतो, पण आपल्या उन्हात आणि दमट हवेत तो इटालियन बेसिलपेक्षा कितीतरी चिवट ठरतो, असा माझा अनुभव आहे. शिवाय शेवटी फुलावर जाऊ दिला तर बी मिळते आणि मधमाश्या येतात, हा वेगळाच फायदा. (माझ्या नावावरून गैरसमज नको. पाने हवी असतील तोवर मंजिरी खुडावीच लागते, नाहीतर झाड पाने बारीक करते आणि लाकूड धरते.)

ओरेगॅनो आणि मरवा हेही एकाच कुळातले आहेत. गजऱ्यात अबोलीबरोबर जो मरवा ओवतात, तोच उकडलेल्या बटाट्यावर चिरून घालून पाहा. त्याची मुळे उथळ असतात आणि वाढ बुटकी असते, त्यामुळे सात इंचांच्या रुंदीत तो शोभतो. फक्त त्याच्या बुडाशी पाणी साचता कामा नये.

तिसरा पानओवा. काही रोपवाटिकांमध्ये तो ओव्याचे झाड म्हणून विकला जातो, पण आपण फोडणीला आणि पोटदुखीला वापरतो तो ओवा हे वेगळ्याच झाडाचे बी आहे. पानओव्याच्या जाड, लुसलुशीत पानांना केवळ वास तसा असतो. पानातच पाणी साठवणारे हे झाड एप्रिल-मेमध्ये एखादा दिवस पाणी चुकले तरी तक्रार करत नाही. फांदी तोडून खोचली की रुजते, त्यामुळे विकत घेण्याचीही गरज नाही. शेजारणीकडे मागावी. पहिल्या पावसात त्याच्या पानांची भजी हे आमच्या घरचे ठरलेले काम आहे.

अर्धा_पेला_माती (खारघर) :

निवडीच्या आधी एक अप्रिय गोष्ट विचारतो. वाफ्याची मागची बाजू म्हणजे घराचीच भिंत आहे का? असल्यास आतल्या खोलीत भिंतीच्या तळाशी रंगाचे पोपडे धरले आहेत का, हे आज पाहून घ्यावे. आमच्याकडे असाच वाफा स्वयंपाकघराच्या भिंतीला लावून बांधला होता. बांधणाऱ्याने जलरोधक लेप दिल्याचे सांगितले होते, प्रत्यक्षात तो फक्त समोर दिसणाऱ्या कडेला दिला होता. दोन पावसाळ्यांत आतल्या ओट्याखाली ओल आली आणि वाफा फोडावा लागला. दुसरे असे की नव्या सिमेंटमधून चुना उतरतो आणि त्यामुळे माती अल्कधर्मी होते. लावणी करण्यापूर्वी वाफा पाण्याने भरून, ते पाणी काढून टाकून, असे आठवडाभर करायला हवे होते. तुमची पहिली लावणी फसण्यात याचाही वाटा असू शकतो.

खाडीवारा :

पाहिले. पलंग सरकवल्यावर पोपडे दिसले. फार नाहीत, पण आहेत. आता वाफा फोडावा लागेल का? यजमान आधीच म्हणत होते की कुंड्या पुरल्या असत्या.

जुनी_परसबाग :

फोडू नका. वाफ्यातील माती काढा, तो पूर्ण वाळू द्या, चारही बाजूंनी आणि तळाला लेप द्या, आणि त्यानंतर त्यात माती न भरता लांबट पेट्या बसवा. बाहेरून सहा इंच रुंद, दोन फूट लांब आणि सातेक इंच खोल अशा प्लॅस्टिकच्या पेट्या मिळतात. तुमच्या बारा फुटांत अशा पाच पेट्या हात घालण्यापुरती जागा सोडून बसतील. पेट्यांखाली विटेचे तुकडे ठेवा आणि त्या भिंतीपासून बोटभर पुढे ओढून घ्या, म्हणजे भिंतीला ओल लागणार नाही आणि तापलेली भिंत मुळांना भाजणार नाही. वाफ्याच्या तळाला पाणी जाण्याची वाट ठेवा, नाहीतर तिथे डासांची पैदास होईल.

याचा खरा लाभ वेगळा आहे. अशा एका पेटीत साधारण सोळा लिटर माती मावते आणि ओली असताना तिचे वजन वीस किलोच्या आसपास भरते, म्हणजे दोन माणसांनी ती उचलता येते. तुमच्या भिंतीचा दोष असा की तिचे ऊन ऋतूप्रमाणे बदलते. पेट्या असल्या की झाडेही ऋतूप्रमाणे हलवता येतील.

घोडबंदरकर :

हे सर्व पटले, मी आधी घाईने लिहिले होते. आमची गॅलरी पूर्वेकडे आहे, त्यामुळे मला वर्षभर सकाळचे ऊन मिळते आणि दुपारनंतर इमारतीची सावली असते. हे माझ्या यशाचे कारण आहे, हात गुणी असण्याचे नाही.

मंजिरी_तोडू_नका :

पेट्यांमुळे पाण्याचा प्रश्नही सुटतो. पहिल्या लावणीत पुदिना आणि रोझमेरी एकाच मातीत होते, म्हणजे एकाला रोज पाणी हवे आणि दुसरीला माती बोटभर खोल सुकल्याशिवाय थेंबही नको. कोणाच्याही बाजूने पाणी घातले तरी दुसऱ्याचे नुकसान ठरलेलेच होते. तहानलेल्यांची पेटी वेगळी आणि कोरडे राहणाऱ्यांची वेगळी ठेवावी. कोरड्या पेटीत लाल माती, जाड रेती आणि थोडे गांडूळखत एवढे पुरे आहे. कोकोपीट नको, कारण ते पाणी धरून ठेवते. तहानलेल्या पेटीत मात्र मातीच्या निम्म्याने कोकोपीट घालावे आणि ते आधी दोन-तीन वेळा धुऊन घ्यावे, कारण त्यात क्षार असण्याची शक्यता असते. घराभोवतीची माती वापरू नका. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ती भरावाची असते आणि खणले की विटा-सिमेंटचे तुकडे निघतात.

पुदिन्याला संपूर्ण पेटी एकट्याला द्या. त्याची मुळे आडवी धावतात आणि शेजाऱ्याच्या मुळांत शिरतात. बाजारातून आणलेल्या जुडीतल्या जाड, निरोगी काड्या पाण्यात ठेवल्या की आठवड्याभरात मुळे धरतात, रोप विकत आणू नका. मार्च लागला की ती पेटी उचलून पूर्वेकडच्या बाजूला न्या.

पिकलेली_हळद (कळवा) :

सावलीच्या महिन्यांविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. जून-जुलै हे महिने या वाफ्याचे वाया जाणारे महिने आहेत असे सर्वांनी धरले आहे, पण हळद आणि आले यांना तेव्हा जे हवे असते ते नेमके तिथे आहे, म्हणजे ओल, उबदार हवा आणि कडक उन्हाचा अभाव. मेच्या उत्तरार्धात गड्डे लावले की पावसाबरोबर कोंब वर येतात, आणि जुलै संपता-संपता जेव्हा सूर्य परत दक्षिणेकडे येतो, तेव्हा पाने चांगली रुंद झालेली असतात. श्रावणात पातोळ्यांसाठी हळदीची पाने बाजारात शोधत फिरण्यापेक्षा भिंतीवरून तोडून आणण्यात वेगळे सुख आहे. पहिल्या वर्षी एका पेटीत तीन गड्डे लावा, जास्त नको. हळदीची पाने कमरेएवढी उंच होतात, त्यामुळे ती पेटी टोकाला ठेवा, म्हणजे इतरांचे ऊन अडणार नाही. पाने पिवळी पडून वाळली की जानेवारी-फेब्रुवारीत गड्डे निघतात. आले थोडे लवकर काढता येते.

अर्धा_पेला_माती :

गवती चहाचा उल्लेख वर आला आहे, त्याबद्दल सावध करतो. एक काडी लावली तर वर्षात तिचे दाट बेट होते आणि मुळे पेटीच्या आकाराचा ठोकळा बनवतात. तो मोठ्या कुंडीत किंवा जमिनीतच असावा. कढीपत्ताही तसाच आहे. तो झाडच आहे, सात इंचांत ठेवणे म्हणजे त्याला छळणे आहे.

खाडीवारा :

आणि तुळस? सासूबाई म्हणतात की वृंदावन आहे तेवढे पुरे, स्वयंपाकाच्या पेटीत तुळस लावू नये.

मंजिरी_तोडू_नका :

सासूबाईंचे ऐका. तुळस उंच होते, तिचे खोड लाकडासारखे होते आणि अरुंद पेटीत ती वाऱ्याने कलते. शिवाय तुळशीचे पान खुडताना आपला हात आखडतो, आणि स्वयंपाकाच्या झाडाला तर सारखे खुडणे हवे असते. बेसिल-सब्ज्याचा शेंडा दर पंधरा दिवसांनी तोडला नाही तर झाड नुसते उंच होत जाते.

जुनी_परसबाग :

आता ऑक्टोबरपासून काय करावे ते सांगतो. पहिल्या दोन पेट्यांत कोथिंबीर आणि मेथी. किराणा दुकानातले धणे उगवतात, फक्त ते लाटण्याने हलके रगडून दोन दले वेगळी करा आणि रात्रभर भिजवा. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात. नवखे लोक इथेच धीर सोडून पुन्हा पेरतात आणि मग दोन्ही पेरण्या एकमेकींच्या अंगावर येतात. कोथिंबिरीचे मूळ सरळ खाली जाते, म्हणून तिचे रोप उपटून दुसरीकडे लावू नये, जिथे हवी तिथेच पेरावी. संपूर्ण पेटी एकदम पेरू नका. पंधरा दिवसांच्या अंतराने तिसरा-तिसरा भाग पेरलात तर फेब्रुवारीपर्यंत खंड पडणार नाही. मेथी तीन-चार आठवड्यांत तोडणीला येते. तिसऱ्या पेटीत लसणाच्या पाकळ्या टोक वर करून दोन बोटे अंतरावर खोचा, पंधरा-वीस दिवसांत पात मिळू लागेल. चौथी पेटी मरवा आणि पानओव्याची, ही मे महिन्यापर्यंत तिथेच राहील. पाचवी पुदिन्याची.

रोझमेरीचा मोह सुटत नसेल तर ती मातीच्या वेगळ्या कुंडीत लावा आणि मेअखेरीस पावसाचा थेंब लागणार नाही अशा छज्जाखाली पण उजेडात न्या. थाइमला मी आमच्या हवेत हंगामी झाड समजतो, नोव्हेंबरात आणावे आणि एप्रिलपर्यंत वापरावे. हे माझे मत आहे, ज्यांनी ते पावसाळ्यातून तगवले असेल त्यांनी जरूर लिहावे.

खाडीवारा :

संक्रांत झाली, म्हणून वृत्तांत देते. ऑक्टोबरात वाफा रिकामा करून लेप दिला, दिवाळीनंतर पाच पेट्या बसल्या. पोपडे वाढलेले नाहीत. कोथिंबिरीची दुसरी पेरणी सध्या तोडत आहोत आणि तिसरी बोटभर वर आली आहे. मेथी मी फार दाट पेरली, त्यामुळे ती लांबट आणि फिक्या रंगाची झाली. लसणाची पात सर्वांत यशस्वी ठरली. पुदिना लावणीनंतर तीन आठवडे रुसून बसला होता, आता पेटी भरून बाहेर डोकावतो आहे.

दोन गोष्टी कोणी सांगितल्या नव्हत्या. कबुतरांनी पहिली पेरणी उकरून खाल्ली, म्हणून पेटीवर नारळाच्या झापाच्या हिरांची जाळी केली. डिसेंबरातल्या ढगाळ आठवड्यात मेथीवर मावा आला. साध्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने दोन-तीन दिवसांत तो गेला, औषध घालावे लागले नाही. शेपूही एका कोपऱ्यात लावून पाहिला होता, पण खाडीकडून येणाऱ्या वाऱ्याने तो आडवा झाला.

आता प्रश्न हळदीचा. बियाण्याचे गड्डे मे महिन्यात कुठून आणावेत?

पिकलेली_हळद :

मेपर्यंत थांबू नका. सध्या भाजीबाजारात ओली हळद येते आहे, त्यातलेच जाड, डोळे फुगीर असलेले गड्डे निवडून घ्या. सावलीत आठवडाभर सुकवून कोरड्या रेतीत, हवा लागेल अशा डब्यात ठेवा. पाणी अजिबात घालू नका. एप्रिलअखेरीस डोळ्यांना कोंब दिसू लागतील, ज्यांना दिसणार नाहीत ते भाजीत वापरून टाका.

खाडीवारा :

आजच चार गड्डे आणून जिन्याखाली तेलाच्या जुन्या डब्यात रेतीत ठेवले आहेत. तीन पेटीसाठी आणि एक उंदराच्या वाटणीचा.